आप्पा म्हणतात, ‘जरा बघून घे’

प्रश्न :

मी रत्नागिरी तालुक्यातील एका गावात राहते. बी.कॉम. झाल्यापासून आंब्याची खरेदी, पॅकिंग आणि निर्यात करणाऱ्या एका घरगुती व्यवसायात ऑफिसचे काम पाहते. मालकांना आम्ही सगळे आप्पाच म्हणतो. माणूस मनाने चांगला आहे आणि पगार वेळेवर होतो. अडचण एकच आहे. कोणतेही काम ते मोघम सांगतात. ‘दुबईवाल्यांचं जरा बघ गो’, ‘पावसाच्या आधी गोदामाचं काय ते उरकून टाक’, ‘युरोपचं या वर्षी काय होतंय ते बघून घे’, नाहीतर रात्री व्हॉट्सॲपवर ‘थोडी मदत हवी होती’ एवढेच. दुबईच्या गिऱ्हाइकाबद्दल त्यांनी असे सांगितले तेव्हा मी दोन दिवस बसून नव्या भावांचे पत्रक तयार केले. आप्पांनी ते उघडूनसुद्धा पाहिले नाही. मागच्या मालाचे पैसे जमा झाले की नाही, एवढेच त्यांना हवे होते. वर म्हणाले, ‘एवढं करायला कोणी सांगितलं तुला?’ विचारायला जावे तर ‘तुला माहीत नाही का? इतकी वर्षं आहेस’ असे ऐकावे लागते. माझ्या वडिलांच्या बागेतला आंबाही त्यांच्याकडेच जातो, त्यामुळे तोंड उघडायची पंचाईत होते. मी काय करावे? दुसरी नोकरी पाहावी का?

ता. क. : गेल्या आठवड्यात ते म्हणाले, ‘बाहेरचा माल आलाय, पेट्यांच्या लेबलांचं तेवढं जमवून टाक.’ मी अजून काहीच केलेले नाही.

– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर :

तुमच्या पत्रातील ‘एवढं करायला कोणी सांगितलं तुला?’ या वाक्यापासून सुरुवात करते. वाक्य बोचरे आहे आणि दोन दिवसांच्या कष्टांनंतर ऐकावे लागले म्हणून अधिकच बोचले असणार. पण राग क्षणभर बाजूला ठेवून पाहिले तर ते खरेही आहे. भावांचे पत्रक करायला आप्पांनी खरोखरच सांगितले नव्हते. त्यांनी अर्धे वाक्य टाकले, उरलेले अर्धे तुम्ही मनाने पूर्ण केले आणि त्या पूर्ण केलेल्या वाक्यासाठी दोन दिवस राबलात. तुमची हुशारी किंवा कष्टाळूपणा यात कुठेच कमी पडलेला नाही. फक्त तुमचा अंदाज काम सुरू होण्यापूर्वी आप्पांच्या नजरेखालून गेला नाही. माझा सगळा सल्ला याच्याभोवतीच फिरणार आहे. मोघम सांगणाऱ्या माणसाच्या हाताखाली अंदाज करावाच लागतो, त्याला इलाज नाही. मात्र तो अंदाज मनात ठेवून कामाला लागू नये, आधी दोन ओळींत तो समोर ठेवावा आणि मग पदर खोचावा.

आप्पांची बाजूही थोडी पाहू, कारण मोघम बोलणारा माणूस बेफिकीरच असतो असे नाही. ऐन एप्रिलमधला त्यांचा दिवस तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहता. बागेत काढणी चालू असते, गडी पुरत नाहीत, वाशीला जाणारा ट्रक संध्याकाळी भरून निघायचा असतो, दलालाच्या पट्टीत परवाच्या पेट्यांना भाव पडलेला दिसतो, आणि त्यातच दुपारी आभाळ भरून आले की काळजात चर्र होते. अशा वेळी दुबईच्या गिऱ्हाइकाची सगळी कथा त्यांच्या डोक्यात एकत्र असते : मागे गेलेला माल, अडकलेले पैसे, पुढची मागणी आणि त्या माणसाचा स्वभावसुद्धा. जाता जाता तोंडातून बाहेर पडतात ते दोन शब्द, आणि आपण सगळे सांगितले असे त्यांना मनापासून वाटते. तुम्ही तीन पावलांवर बसता, फोनवरचे त्यांचे बोलणे तुमच्या कानावर पडते, तेव्हा तुम्हाला ते कळलेच असणार अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते.

गोदामाबद्दलचे त्यांचे वाक्य मात्र मला वेगळ्या जातीचे वाटते. तिथे डोक्यात पूर्ण कथा आहे आणि सांगायची राहिली, असे नाही. पावसाची धास्ती आहे, गोदामात काहीतरी करायला हवे एवढे जाणवते आहे, पण नेमके काय करायचे याचा विचार त्यांनी केलेलाच नाही. ती धास्ती तुमच्याकडे सोपवून ते मोकळे झाले आहेत. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. पहिल्या प्रकारात ‘म्हणजे नेमकं काय करू?’ असे विचारले तर उत्तर मिळते. दुसऱ्या प्रकारात त्याच प्रश्नाला चिडचिड मिळते, कारण आपल्याकडेच ज्याचे उत्तर नाही असा प्रश्न हाताखालच्या माणसाने विचारलेला कुठल्याच मालकाला रुचत नाही. ‘तुला माहीत नाही का?’ हे उत्तर तुम्ही स्वतःच्या अज्ञानावरचा ठपका म्हणून घेतले आहे. मला तर बऱ्याचदा त्याचा अर्थ ‘मलाही माहीत नाही, आणि आता विचार करायला सवड नाही’ असा वाटतो.

म्हणून आप्पांकडे कोरा प्रश्न घेऊन जाऊ नका, प्रस्ताव घेऊन जा. चुकलेला प्रस्ताव दुरुस्त करणे दमलेल्या माणसालाही जमते. रिकाम्या पाटीवर उत्तर लिहिणे त्याला जमत नाही. दुबईचेच उदाहरण घेऊ. आप्पा सांगून बागेकडे निघाले, की पाच मिनिटांत त्यांच्या फोनवर असा निरोप जायला हवा होता :

‘आप्पा, दुबईवाल्यांचे मागच्या मालाचे पैसे जमा झाले का ते बँकेत बघते आणि चार वाजेपर्यंत कळवते. नव्या भावाचं पत्रक आत्ता करायला घेत नाही. हवं असेल तर सांगा.’

या निरोपातील सर्वांत उपयोगी वाक्य मधले आहे, आणि नेमके तेच लोक लिहीत नाहीत. आपण काय करणार आहोत हे वाचून माणूस ‘हो हो’ म्हणून पुढे सरकतो, कारण प्रत्येकाला ते आपल्याच मनातले वाटते. आपण काय करणार नाही हे वाचले की तो थबकतो. भावाचे पत्रक खरोखरच हवे असते, तर आप्पांचा उलट फोन त्याच क्षणी आला असता. नको असते तर तुमचे दोन दिवस वाचले असते. समजा अंदाज उलटा असता, म्हणजे तुम्ही पत्रक करायला घेते असे लिहिले असते आणि पैशांचे बघत नाही असे कळवले असते, तरीही त्यांनी लगेच अडवले असते, आणि चुकीचा अंदाजही कामी आला असता. ‘चार वाजेपर्यंत’ या शब्दांचेही असेच आहे. तुम्ही वेळ सांगितली नाही तर त्यांच्या मनात एक वेळ असते, तुमच्या मनात दुसरी असते, आणि दोघांनाही आपलीच वेळ उघड आहे असे वाटत राहते.

युरोपबद्दलचे वाक्य तुम्ही पत्रात ओघात लिहिले आहे, पण धोका खरा तिथे आहे. दुबईच्या कामात तुमचे दोन दिवस गेले. युरोपच्या कामात अर्धा हंगाम जाऊ शकतो. युरोपीय संघाने फळमाशीचे कारण देऊन मे २०१४ मध्ये भारतीय आंब्यावर बंदी घातली होती आणि जानेवारी २०१५ मध्ये ती उठवली. तेव्हापासून तिकडे जाणाऱ्या फळासाठी ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटे ठेवण्याची उष्णजल प्रक्रिया रूढ झाली. बागेची नोंद मँगोनेटवर, म्हणजे निर्यातीच्या आंबाबागांच्या ऑनलाइन नोंदवहीत, असावी लागते, फळ निवडून बंद करण्यासाठी मान्यताप्राप्त पॅकहाउस लागते आणि ‘फायटो’चा, म्हणजे फळाला कीड-रोग नसल्याच्या सरकारी दाखल्याचा, कागद लागतो. आखातात जाणाऱ्या मालासाठी एवढा सोपस्कार नसतो, तर अमेरिकेची वाट २००७ मध्ये उघडली ती विकिरणाच्या, म्हणजे किरणांचा मारा करून कीड निकामी करण्याच्या, अटीवर. मग ‘युरोपचं या वर्षी काय होतंय ते बघून घे’ याचा अर्थ काय घ्यायचा? ज्यांच्या बागेचा माल आपण घेतो त्या बागायतदारांच्या नोंदी झाल्या आहेत का ते तपासायचे, पॅकहाउसची वेळ मागायची, गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकाला पत्र लिहायचे, की विमानभाडे धरून हे परवडते का याचा नुसता हिशेब मांडायचा? यातले प्रत्येक काम वेगळे आहे, प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा आहे, आणि नोंदीचे काम हंगाम अंगावर आल्यावर करता येत नाही.

अशा मोठ्या कामात नुसता प्रस्ताव पुरत नाही, तिथे एक प्रश्नही विचारावा लागतो. पण तो ‘कशासाठी?’ असा नसावा. आपल्याकडे मालकाला ‘कशासाठी’ विचारले की त्यात उलट बोलल्याचा वास येतो, आणि तुमच्या बाबतीत वडिलांच्या व्यवहारामुळे तो अधिकच येईल. त्याऐवजी ‘हे तयार झालं की पुढे कोणाकडे जाणार?’ असे विचारावे. हा प्रश्न कोणालाही टोचत नाही, आणि उत्तरातून कामाचे सगळे रूप उघडे होते. ‘सीएकडे’ असे उत्तर आले तर हिशेब हवा आहे. ‘पॅकहाउसवाल्यांना द्यायचंय’ म्हटले तर बागांची यादी आणि अंदाजे टन हवेत. ‘कोणाकडे नाही, मलाच बघायचंय’ असे उत्तर आले तर आप्पांचे अजून ठरायचे आहे, त्यांना समोर बसून अर्धा तास बोलायला कोणीतरी हवे आहे, आणि एका पानापेक्षा जास्त काही लिहिणे व्यर्थ आहे. या शेवटच्या उत्तराची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. घरगुती व्यवसायातल्या मालकाला आपल्या मनातील घालमेल बोलून दाखवायला माणसे फार नसतात, आणि ‘थोडी मदत हवी होती’चा अर्थ पुष्कळदा तेवढाच असतो.

‘आमच्याकडे असंच चालतं, मालकाने सूचित करायचं आणि माणसाने ओळखायचं’ असेही तुम्हाला कोणीतरी सांगेल. या म्हणण्याला कोकणातच एक भक्कम उत्तर आहे. चिपळूणजवळ हलवर्णच्या पायगेतील, म्हणजे घोडदळाच्या तळावरील, जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र इतिहासाची आवड असणाऱ्या वाचकांना ठाऊक असेल. त्यात म्हटले आहे : पावसाळ्यापुरता दाणा-वैरणीचा साठा आहे, तो आताच उधळलात तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. मग कोणी कुणब्यांकडून दाणे, कोणी गवत, कोणी भाजी उचलू लागेल आणि रयत म्हणेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा जळता ठेवून निजाल तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, अशी ती आज्ञा आहे. राजाने पायगेतल्या माणसाला उंदराने नेलेल्या वातीपर्यंत समजावून सांगितले आहे. काय करायचे, कुठपर्यंत पुरवायचे आणि नाही केले तर काय बिघडेल, हे तिन्ही त्यात आहे. स्पष्ट सांगण्याने सांगणाऱ्याचा मान उणा होत नाही, हे पटवायला यापेक्षा मोठा दाखला मला सुचत नाही.

आप्पा असे पत्र लिहिणार नाहीत, तेव्हा त्यांच्या वाक्यात जे राहून गेले आहे ते तुम्ही भरून परत पाठवायचे. त्यातही ‘नाही झाले तर काय बिघडेल’ हे विसरू नका, कारण दोन मोघम कामे एकाच दिवशी अंगावर आली की आधी कोणते घ्यायचे ते याच उत्तरावरून ठरते. ‘आप्पा, आज गोदामाचं घेतलं तर युरोपच्या बागांची यादी सोमवारवर जाईल. चालेल ना?’ असे विचारायला हरकत नाही. दोन्ही आजच हवी म्हणाले तर ते अवघड आहे हे तोंडावर सांगा. रात्री दहापर्यंत बसून दोन्ही अर्धवट करू नका.

आता गोदाम. जिथे आप्पांनीच विचार केलेला नाही, तिथे लेखी प्रस्तावही आधी सुचत नाही. तिथे थोडे काम करूनच प्रस्ताव हाती येतो. पण ते थोडेच असले पाहिजे. सकाळी अर्धा तास काढून, मोबाइल हातात घेऊन गोदामात एक फेरी मारा. पत्र्याला कुठे छिद्र आहे आणि भिंतीवर मागच्या पावसाचा ओघळ कुठे दिसतो, त्याचे फोटो काढा. पुठ्ठ्याचे कोरे बॉक्स थेट जमिनीवर रचले आहेत की खाली फळ्या आहेत ते पाहा, कारण दमट हवेत खालचा थर आधी मऊ पडतो आणि पुढच्या वर्षी त्याच्यावर माल चढवला की बॉक्स बसतो. लाकडी पेट्या किती उरल्या, त्यांतील किती धड आहेत, ताडपत्र्या फाटल्या आहेत का, पेंढा बाहेर काढायचा की जाळायचा, एवढे एका कागदावर उतरवा. मग आप्पांना पाठवा : ‘पत्र्याचं काम, बॉक्स फळ्यांवर घेणं आणि पेंढा हलवणं ही तीन कामं मृगाच्या आधी करावी लागतील असं दिसतं. पत्र्याच्या माणसाला उद्या बोलावते. बाकीचं गड्यांकडून शनिवारी करून घेते. रंगाचं आणि लाइटचं यात धरलेलं नाही.’ बघा, त्यांच्या डोक्यात रंगाचेच असेल तर ते इथे बाहेर येईल. आणि नसेल तर एका धास्तीचे तीन कामांत रूपांतर करून देणारी मुलगी आपल्या ऑफिसात आहे, हे त्यांच्या लक्षात येईल.

रात्रीच्या ‘थोडी मदत हवी होती’ या निरोपाबद्दल थोडक्यात. हे वाचून माणसाला उगाच धाकधूक होते आणि झोप जाते, हे मी समजू शकते. लगेच फोन करणे बंधनकारक नाही, पण निरोप तसाच पडू देणेही बरे दिसत नाही. ‘आप्पा, सकाळी नऊला येते. कशाबद्दल आहे ते कळवलंत तर कागद काढून ठेवते’ एवढे लिहावे. कागद काढून ठेवण्याचा उल्लेख मुद्दाम करायचा, कारण त्यामुळे विषय विचारणे ही चौकशी न वाटता तयारी वाटते. निरोप घरगुती कामाचा असेल, मुलाचा प्रवेशाचा फॉर्म भरणे किंवा गणपतीसाठी पाहुण्यांची रेल्वेची तिकिटे पाहणे वगैरे, तर एखादेवेळी आपुलकीने करावे. त्याचा रिवाज पडतो आहे असे दिसले तर ‘ऑफिसचं हे बाजूला ठेवून ते करू ना?’ असे दर वेळी विचारावे. विचारण्यानेच पुष्कळसे आटोक्यात येते.

‘लिहून पाठवलं तर आप्पांना वाटेल की मी त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही’ अशी शंका तुमच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. गावातल्या व्यवहारात लेखी मागणे म्हणजे भांडणाची तयारी, असे अजूनही मानतात. म्हणून भाषा पुराव्याची नको, आठवणीची हवी. ‘तुम्ही असं म्हणालात’ असे लिहू नका. ‘मी असं धरून चालते’ असे लिहा. पहिल्यात साक्ष आहे, दुसऱ्यात चूक झाली तर ती माझी असा मोठेपणा आहे, आणि काम दोन्हींनी सारखेच होते. शिवाय आप्पा पुष्कळदा बागेतून किंवा गाडीतून बोलत असतील, मध्येच रेंज जात असेल, तेव्हा बोलणे संपल्यावर दोन ओळी टाकणे ही त्यांचीही सोय आहे. लिहिण्याची वेळ तेवढी सांभाळा. ट्रक भरत असताना आलेल्या निरोपाला कोणीही नीट उत्तर देत नाही. सकाळच्या चहाची दहा मिनिटे रोज मिळाली तर सगळ्यात उत्तम. ती मागून घ्यावी लागतील, आपणहून कोणी देणार नाही.

नोकरीचे म्हणाल तर एवढ्यावरून सोडू नका. पगार वेळेवर देणारा आणि मनाने चांगला मालक मोघम बोलतो, हे सुधारण्याजोगे दुखणे आहे. एक हंगाम या पद्धतीने काढून पाहा. तुम्ही आधी कळवले, त्यांनी ‘हो’ म्हटले, आणि तरीही काम झाल्यावर ‘कोणी सांगितलं?’ हे ऐकावे लागले, आणि तेही पुन्हा पुन्हा, तर मात्र ते मोघमपणामुळे नाही. मग जून-जुलैच्या निवांत दिवसांत दुसरीकडे अर्ज करायला लागा.

ताज्या कलमाकडे, म्हणजे तुमच्या ता. क. कडे, मुद्दाम शेवटी वळते आहे, कारण वर सांगितलेले सगळे तिथे जसेच्या तसे लागू पडत नाही. ‘बाहेरचा माल आलाय, लेबलांचं जमवून टाक’ हे वाक्य सरळही असू शकते. बाहेरून आलेल्या पेट्यांवर त्या त्या ठिकाणची लेबले छापून घ्यायची, इतकाच आप्पांचा अर्थ असेल, तर काहीच बिघडलेले नाही, आणि आधीच त्यांना चोर ठरवू नये. पण कर्नाटकातला आंबा रत्नागिरी किंवा देवगड हापूस म्हणून बाजारात खपवला जातो, ही ओरड तुम्ही दर हंगामात ऐकत असणार. हे वाक्य त्याही अर्थाचे असू शकते, आणि मग त्यातला मोघमपणा घाईतला राहत नाही. ज्याला जे करवून घ्यायचे ते स्वतःच्या तोंडाने उच्चारायचे नसते, तो ‘जमवून टाक’ म्हणतो. पुढे अंगाशी आले तर ‘मी असं सांगितलंच नव्हतं’ म्हणायला जागा राहते, आणि लेबल लावणारा हात तुमचा असतो.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावण्याचा कायदेशीर हक्क, मिळाले आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील फळापुरते आहे. भौगोलिक मानांकनाच्या १९९९ च्या कायद्यात खोटे मानांकन लावणाऱ्याला किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे. हे आप्पांना ऐकवायला जाऊ नका, तुम्हाला माहीत असावे म्हणून लिहिले. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, तुमचे वडील ज्या भावाच्या आशेवर वर्षभर बाग राखतात, मोहोरावर फवारण्या करतात आणि राखणदाराचा पगार भरतात, तो भाव अशाच पेट्यांमुळे पडतो.

इथे अंदाज बांधून कामाला लागायचे नाही, अगदी थोडेसुद्धा नाही. इथेही प्रस्तावच द्यायचा आहे, पण त्याला एकच बाजू ठेवायची : ‘आप्पा, बाहेरचा माल जिथला आहे ते नाव घालून लेबलं छापायला टाकते. कुठून आलाय तेवढं कळवा, म्हणजे आजच देते.’ हे लेखी पाठवा. त्यांच्या मनात वावगे नसेल तर ते गावाचे नाव कळवतील आणि विषय संपेल. मनात वावगे असेल, तरी तुमच्या या निरोपाने त्यांना मान खाली न घालता मागे फिरण्याची वाट मिळते, आणि पुष्कळ माणसे अशी वाट दिसली की फिरतात. फोन करून ‘नाही गो, आपलीच लाव’ असे स्पष्ट म्हणाले, तर ‘आप्पा, ते माझ्याच्याने होणार नाही, बाकी पॅकिंगचं सगळं बघते’ एवढेच म्हणा. कारणे देत बसू नका, कायदा काढू नका, आवाज चढवू नका. दुसऱ्या कोणाकडून करवून घेतले तर त्या पेट्यांच्या कागदांवर तुमची सही होऊ देऊ नका.

हा निरोप पाठवण्यापूर्वी मात्र घरी वडिलांना सगळे सांगा. त्यांचा आंबा आप्पांकडे जातो, उद्या वजनात किंवा भावात काही खोट काढली गेली तर ती कशामुळे हे त्यांना कळायला हवे, आणि या वर्षीची उचल किती घेतली आहे, हिशेब कुठे अडकला आहे, हेही तुम्हाला त्यांच्याकडूनच कळेल. ते बोलणे आज रात्री जेवताना करा, आणि निरोप उद्या सकाळी नऊच्या आत पाठवा.